वसरामच्या जीपचा पाणीबंदोबस्त

वसराम राठोडची जीप वाघझरीच्या ओढ्यात अगदी मधोमध बंद पडली, तेव्हा तिच्यात त्याच्या मुलीला बघायला आलेली पाहुणेमंडळी बसलेली होती. भादव्यातलं गढूळ पाणी पायरीवरून आत येत होतं. वसरामनं किल्ली फिरवली. गाडी खुरखुरली आणि गप्प झाली. त्यानं पुन्हा किल्ली फिरवली. या वेळी ती खुरखुरलीसुद्धा नाही.

शेजारच्या सीटवर मुलाचे वडील नेमसिंग चव्हाण बसले होते. आखाडा बाळापूरच्या बाजूच्या तांड्यातलं हे मोठं प्रस्थ. डोक्याला गुलाबी फेटा, पायात करकरीत बूट आणि बोलणं मोजून मापून. त्यांनी दोन्ही पाय वर घेतले आणि समोर पाण्याकडे बघत विचारलं,

"राठोड, ही गाडी फोर बाय फोर हाय म्हनले होते ना तुमी?"

"व्हय, हाय ना."

"म्हंजे काय असतं?"

"म्हंजे चारी चाकं एकदमच चालतेत."

"आन आता?"

वसरामनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. "आता चारी एकदमच थांबलीत."

ही जीप वसरामनं एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली होती. डोंगरकड्याच्या रस्त्यावरून तांड्याकडे वळलं की हा ओढा आडवा येतो आणि पावसाळाभर तांड्याचा जगाशी संबंध तोडून टाकतो. एसटी नाही, टमटम नाही, काळीपिवळी तर लांबच. पण चारी चाकांनी ओढणारी गाडी आली, म्हणजे ओढ्याची ऐट उतरली, असं वसरामला वाटत होतं. संगिताच्या सोयरिकीची बोलणी निघाली तेव्हा नेमसिंगांनी पहिला प्रश्न रस्त्याचाच काढला होता. त्यावर वसराम छाती पुढे काढून म्हणाला होता, "रस्ता नसला म्हून काय झालं? आमच्याकडं गाडी हाय. पाण्यात सोडा, चिखलात सोडा, थांबनार न्हाई."

आता ती थांबली होती.

काठावर संपतराव मेंढ्या घेऊन उभा होता. हा वसरामचा लहानपणापासूनचा दोस्त, शेजारच्या धनगरवाडीतला. डोक्यावरची घोंगडी तशीच ठेवून तो पाण्यात उतरला आणि एकेका पाहुण्याला पाठीवर घेऊन काठाला पोचवू लागला. नेमसिंगांची पाळी आली. संपतरावाला गप्पांची भारी आवड. ओढ्याच्या भर धारेत तो थांबला.

"पाव्हणं, तुमच्याकडं यंदा हळदी कशा हायत?"

"आधी काठाला चला," नेमसिंग त्याच्या पाठीवरून म्हणाले.

"चलतो की. तुमी सांगा तर खरं."

नेमसिंगांनी हळदीबद्दल काही सांगण्याआधीच त्यांचा एक बूट पायातून निसटला आणि डौलात पुढे निघून गेला. मागे मुलगा, कुलदीप, सोबत आणलेला पेढ्यांचा पुडा डोक्यावर धरून स्वतःच्या पायानं येत होता. बूट धरायला तो वाकला, घसरला आणि पाण्यात आडवा झाला. उठला तेव्हा बूट गेलेला होता, पुडा मात्र कोरडा होता आणि तो स्वतः खदखदून हसत होता. हसणारा तो एकटाच.

चहापाणी झालं. मुलगी बघून झाली. नेमसिंग एका पायात बूट घालून खाटेवर बसले होते. ते म्हणाले, "पोरगी चांगली हाय. नाव ठिवायला जागा न्हाई. पन आमची सून माहेराला आली आन हितं आडकून बसली, असं नगं. साखरपुड्याला मी ह्याच गाडीत बसून येनार. गाडी पान्यात थांबली न्हाई, तर सोयरीक पक्की. थांबली, तर तिथूनच माघारी. मंजूर हाय का?"

वसरामनं मान हलवली. दुसरं काय करणार?

पाहुण्यांना पुन्हा संपतरावाच्या पाठीवरून पलीकडे पोचवल्यावर वसराम घरी आला आणि भिंतीला टेकून बसला. त्याची बायको रुख्मिणीबाई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "संगिताला विचारलं मी. तिला पोरगा पसंत हाय."

"काय बघितलं तिनं त्याच्यात? पान्यात पडला तो."

"तेच म्हनली. पडला आन हसला. म्हनली, असा मानूस घरात आदळआपट करनार न्हाई."

वसरामला गलबलून आलं. पोरीनं एवढा नीट विचार केला होता, आणि तिचं सगळं आयुष्य त्या लिलावातल्या खटाऱ्यावर येऊन अडलं होतं.

बैलांनी ओढून काढलेली गाडी वाळल्यावर तो वारंगा फाट्याला गोपीचंदकडे घेऊन गेला. पत्र्याच्या शेडमधला हा गोपीचंद मेस्त्री त्या भागातल्या जीपगाड्यांचा डॉक्टर. त्यानं बॉनेट उघडलं, तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि सांगितलं, "वसरामभाऊ, इंजिनला पान्याची भीती न्हाई. भीती हाय करंटला. हा काळा डबा बघा, डेल्को. हा चारी प्लगला करंट वाटतो. आन ही कॉइल, ही करंट बनवती. तुमी पान्यात घुसले की समोरचा पंखा पानी उडवतो, ते बराबर ह्याच दोघांवर बसतं. मग गाडी काहून चालंल?"

"मग काय करावं?"

"कॉइल वर घ्या. बॅटरी वर घ्या. डेल्कोवर रबर चढवा. पान्यात घुसायच्या आधी पंख्याचा पट्टा काढा, पलीकडं गेले की घाला. आन एक थेंब आत जाऊ देऊ नका. एक थेंब गेला, खेळ खलास."

'एक थेंब' हे दोन शब्द वसरामच्या डोक्यात असे घुसले की पुन्हा बाहेर आलेच नाहीत.

डेल्कोवर रबर म्हणजे काय चढवायचं, हे मात्र गोपीचंदनं सांगितलं नव्हतं. वसरामनं खूप विचार केला आणि तो शेजारच्या गावच्या उपकेंद्रात नर्स नर्मदाबाईंकडे गेला.

"सिस्टर, एक रबरी हातमोजा पायजे होता."

"कशाला?"

"गाडीला घालायचाय."

नर्मदाबाईंनी चष्मा वर केला. "गाडीला बोटं किती आहेत?"

"पाच," वसराम गंभीरपणे म्हणाला. "चार वायरी प्लगच्या आन एक कॉइलची. आंगठा कॉइलला येतो."

त्याच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे बाई हसल्या नाहीत. फाटक्या पाकिटातला एक मोजा त्यांनी काढून दिला. "बाळंतपणाला चालणार नाही हा. गाडीला चालेल."

मोजा खरोखरच बसला. बोटांची टोकं कापून वायरी त्यातून ओवल्या, तर बॉनेटखाली कोणीतरी हात वर करून शपथ घेतोय असं दिसू लागलं. वसरामला क्षणभर बरं वाटलं. मग त्याच्या मनात आलं, बोटांच्या फटीतून थेंब गेला तर?

त्यानं घरातल्या सगळ्या मेणबत्त्या दुधाच्या पातेल्यात वितळवल्या आणि ते मेण मोज्याच्या फटीफटीत ओतलं. वर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. हे बघायला आलेला संपतराव मेंढीसारखा मान तिरकी करून बराच वेळ उभा राहिला.

"वसराम, रबर फाटतं. मेन गळतं. लोकरीला काही होत न्हाई."

"लोकर?"

"अरे, माही मेंढरं पावसाळाभर पावसात उभी ऱ्हातेत. एक तरी बंद पडली का?"

वसरामनं मेणाचं पातेलं खाली ठेवलं. संपतरावानं जुन्या घोंगडीचे तुकडे आणून दिले. डेल्को आणि कॉइल दोघांवर घोंगडी चढली, वर सुतळी आली, सुतळीवर पुन्हा मेण आलं. गाडीच्या पोटात आता एक काळं, केसाळ जनावर दबा धरून बसल्यासारखं दिसत होतं.

बॅटरी राहिली होती. ती वसरामनं बॉनेटखालून काढली आणि मागच्या सीटखाली नेली. तिच्याभोवती गुंडाळायला जाड, पाणी न शिरणारं काहीतरी हवं होतं. त्यानं घरभर शोधलं, गोठ्यात शोधलं, आणि शेवटी त्याची नजर जीपच्याच टपावरच्या कॅनव्हासकडे गेली. इतकं मजबूत कापड नुसतं डोक्यावर कशाला वाया घालवायचं? त्यानं टप कापला आणि बॅटरीला त्याचा अंगरखा शिवला.

बाजाराच्या दिवशी रुख्मिणीबाई त्या सीटवर बसून बाळापूरला गेली आणि आली. उतरली तेव्हा तिच्या घागऱ्याला मागून बशीएवढं भोक पडलेलं होतं. बॅटरीचं ॲसिड हिंदकळून वर आलं होतं. घागरा साधा नव्हता. त्यावर आरसे होते, कवड्या होत्या आणि तिच्या आईच्या हातचे टाके होते. एरवी तिचा राग बोलून मोकळा होई. या वेळी तिनं नुसता तो घागरा बदलला. घागऱ्याची घडी करून तिनं ती वसरामच्या मांडीवर ठेवली आणि आत निघून गेली.

"नवा शिवू आपन," वसराम तिच्या पाठीमागून म्हणाला.

"आन माही माय? ती बी नवी आनता का?" आतून आवाज आला. त्यानंतर कित्येक दिवस ती त्याच्याशी संगितामार्फत बोलत होती.

अशा अवस्थेत चाचणीचा दिवस आला. वसरामनं इंजिन सुरू केलं, बॉनेट उघडं ठेवलं आणि संगिताला सांगितलं, "टाक."

संगितानं बादलीभर पाणी टाकलं. इंजिन चालू राहिलं.

"आनखी टाक."

तिनं आणखी टाकलं. इंजिन चालूच राहिलं. वसरामच्या डोळ्यांत पाणी येणार, इतक्यात गाडीचा हॉर्न आपोआप वाजू लागला. त्यानं बटण दाबलं, ओढलं, त्यावर बुक्की मारली. हॉर्न थांबेना. किल्ली काढली, इंजिन बंद झालं, हॉर्न वाजतच राहिला. ओढ्याकडच्या बाजूनं संपतरावाची आरडाओरड ऐकू आली. त्याची मेंढरं हॉर्नला बिचकून थेट एकाच्या कापसात घुसली होती. कापसाचा मालक तांड्यातलाच, पण मेंढरांना ते माहीत असून उपयोग नव्हता; त्यांनी कापसाची हिरवी बोंडं खायला सुरुवात केली होती. वसरामनं शेवटी पक्कड आणली आणि हॉर्नची वायरच तोडली.

एकदम शांतता पसरली आणि त्या शांततेत वसरामला मोठा साक्षात्कार झाला. जी वस्तू पाण्यानं बिघडते, ती गाडीत ठेवायचीच कशाला?

संध्याकाळपर्यंत त्यानं वायपरची मोटर काढली. मग दिवे काढले. मग वळायच्या बत्त्या, मागचा लाल दिवा आणि डॅशबोर्डवरचा पेट्रोलचा काटा. पाण्यानं बिघडेल असं गाडीत आता फारसं काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वारंगा फाट्यावरून जाताना हॉर्नच्या जागी तो स्वतः बाजूनं मुंडकं बाहेर काढून ओरडत होता, "ए बाजू! बाजू व्हा रे!" हात दाखवून वळत होता. लोक थांबून बघत होते. एका ट्रकवाल्यानं विचारलं, "क्यूं चाचा, गाडी में कुछ है भी के नहीं?" वसरामनं त्यालाही हात दाखवला आणि वळला. रात्री त्याला झोप लागत नसे आणि लागली तर स्वप्नात एकच थेंब दिसे, हळूहळू खाली सरकणारा.

साखरपुड्याच्या दिवशी ओढ्याला भरपूर पाणी होतं. आदल्या दिवशी पाणी उतरलेलं असताना वसरामनं गाडी पलीकडे नेऊन ठेवली होती; तिच्यात पाहुण्यांना घेऊन तो काठावर आला. तिथे उतरून त्यानं पंख्याचा पट्टा काढला, गळ्यात अडकवला, छोटा दांडा ओढून चारी चाकं जोडली आणि डोळे मिटले.

"डोळे उघडून चालवा," नेमसिंग म्हणाले.

गाडी पाण्यात शिरली. पाणी पायरीपाशी आलं, पायरीवरून आत आलं, पाहुण्यांनी पाय सीटवर घेतले. इंजिन चालू होतं. मागच्या वेळची जागा आली. इंजिन चालू होतं. जागा मागे पडली. इंजिन चालूच होतं! एवढा गोड आवाज वसरामनं आयुष्यात ऐकला नव्हता.

आणि नेमक्या त्याच वेळी वरून पाऊस आला.

परतीचा पाऊस तो, आधी काही सांगत नाही. नेमसिंगांनी सवयीनं वर बघितलं. वर टप नव्हता. आकाश होतं.

"राठोड, ह्या गाडीला छत होतं ना?"

"होतं."

"कुठं गेलं?"

"बॅटरीला घातलं," वसराम म्हणाला. खोटं बोलायचं बळ त्याच्यात नव्हतं.

काठाला लागेपर्यंत सगळी मंडळी टाळूपासून टाचेपर्यंत भिजली होती. फेट्याचा गुलाबी रंग नेमसिंगांच्या कपाळावरून, नाकावरून पांढऱ्या सदऱ्यावर उतरला होता. मागे साखरपुड्याची साडी भिजली होती, नारळ भिजले होते, साखर तर विरघळूनच गेली होती. नेमसिंग खाली उतरले. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं आणि आत हात घालून चाचपून पाहिलं.

"समदं कोरडं हाय," ते म्हणाले. "मशीन कोरडी हाय. मानसं भिजली."

वसराम मान खाली घालून उभा होता. आता हे माघारी जाणार, असं त्याला वाटलं. पोरीला काय सांगायचं, याची जुळवाजुळव तो करू लागला.

नेमसिंगांनी फेट्याचं टोक पिळलं. "म्या काय बोललो होतो? गाडी थांबली न्हाई तर पक्की. गाडी थांबली न्हाई. मी बोललेलं फिरवत न्हाई. पन राठोड, एक हाय."

"काय?"

"लगीन उन्हाळ्यात करायचं."

वैशाखात लग्नाची तारीख धरली. ओढा कधीचाच आटला होता. पात्रात नुसती वाळू आणि तापलेले धोंडे. रस्त्यापर्यंत वऱ्हाड ट्रकनं आलं आणि नवरदेवाला, त्याच्या वडिलांना आणि खाशा पाहुण्यांना तांड्यावर आणायला वसराम जीप घेऊन गेला. टप नसलेल्या गाडीवर त्यानं मांडवाच्या कापडाचा तुकडा बांधला होता, झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. गेल्या आठ-नऊ महिन्यांत पहिल्यांदाच त्याला कसली भीती वाटत नव्हती. पाणी नाही, म्हणजे प्रश्नच नाही. वाळूत चाकं रुतू नयेत म्हणून त्यानं चारी चाकं जोडली आणि गाडी पात्रात घातली.

ओढ्याच्या अगदी मधोमध ती बंद पडली.

वसरामनं किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. मागून कोणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "पानी तर कुठं दिसून न्हाई राहिलं." नेमसिंगांनी सवयीनं दोन्ही पाय वर घेतले. ते वसरामला उन्हापेक्षा जास्त लागलं. तिकडे मांडवात वाजंत्री थांबून थांबून वाजत होती. मुहूर्त जवळ येत होता.

नशिबानं गोपीचंद मेस्त्री लग्नाला आलेला होता. धुतलेल्या कपड्यांत तो तांड्यावरून धावत खाली आला, बॉनेट उघडलं, आत हात घातला आणि "आई गं!" म्हणून मागे घेतला.

"वसरामभाऊ, हे काय गुंडाळून ठिवलं? कॉइल भाजून निघाली की! घोंगडी, रबर, मेन... ह्या उन्हात हवाच न्हाई तिला. तापून करंट मेला."

"मग काढा ना ते."

गोपीचंदनं ओढून पाहिलं. मेण वितळून लोकरीत मुरलं होतं, ट्यूब वितळून मोज्याला चिकटली होती आणि मोजा डेल्कोला. सगळ्याचा मिळून एकच गोळा झाला होता. चाकू मारला तर वायरी तुटणार. कॉइलवरची घोंगडी तेवढी थोडी सुटली. तिच्यातून वाफाळलेल्या भाकरीसारखी झळ आली.

"एकच इलाज हाय," गोपीचंद म्हणाला. "पानी टाका हिच्यावर."

वसरामला आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं. "काय टाका?"

"पानी. भरपूर. गार करा."

वसराम बॉनेटसमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला. "न्हाई! एक थेंब गेला तर खेळ खलास, हे तुमीच सांगितलं होतं. आठ महिने जपलं म्या हिला. बायकोचा घागरा गेला, हॉर्न गेला, दिवे गेले, छत गेलं. आन आता माह्याच हातानं पानी टाकू?"

"तवा पावसाळा होता, भाऊ."

"करंट तोच हाय ना?"

भर उन्हात, पात्राच्या मधोमध, मुलीचा बाप गाडीला मिठी मारून उभा होता आणि त्याला कोणी हलवू शकत नव्हतं. तेव्हा तांड्याच्या चढावरून रुख्मिणीबाई खाली आली. वऱ्हाडाचे पाय धुवायला भरलेली घागर तिच्या डोक्यावर होती. तिनं वसरामकडे बघितलं, मग गाडीकडे.

"सरका," ती म्हणाली.

एवढंच. वसराम सरकला.

"थेट नगं ओतू, बाई," गोपीचंद घाईनं म्हणाला. "ओला फडका गुंडाळायचा, त्यावर थोडं थोडं टाकायचं. फडका द्या कोनीतरी मोठा."

कोणाकडे फडका नव्हता. सगळे लग्नाच्या कपड्यांत. नेमसिंगांनी एकदा मुहूर्ताकडे, म्हणजे मांडवाच्या दिशेला बघितलं, एकदा घामाघूम मुलाकडे बघितलं आणि हळूच डोक्यावरचा नवा गुलाबी फेटा उतरवला. "घ्या. आन लवकर करा."

फेटा घागरीत बुडाला, पिळला गेला आणि कॉइलला गुंडाळला गेला. चर्र आवाज झाला, वाफ आली. गोपीचंदनं वर आणखी थोडं पाणी टाकलं. मग गोपीचंदनं किल्ली फिरवली आणि जीप पहिल्याच झटक्याला सुरू झाली. नेमसिंग बोडक्या डोक्यानं आत बसले. गाडी पात्रातून वर चढली, तिच्या पोटातून तांड्याच्या वाटेवर गुलाबी पाणी ठिपकत गेलं आणि लग्न वेळेवर लागलं.

दुपारी जेवणं आटोपली आणि निरोपाची वेळ आली. नवरीला रस्त्यापर्यंत त्याच जीपनं न्यायचं होतं. दुसरी गाडीच नव्हती. फेटा सुकला की गाडी थांबणार, हे आता सगळ्यांना कळलं होतं. गोपीचंद चालवायला बसला. वसराम संपतरावानं मेंढरांसाठी वाळूत उकरलेल्या झिऱ्यातून भरून आणलेली कळशी आणि तांब्या घेऊन पुढच्या मडगार्डवर चढून बसला. बॉनेट अर्धं उघडं धरून तांब्यातांब्यानं पाणी टाकायचं, हे काम दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला त्याचं मन धजेना.

संगितानं आईच्या गळ्याला मिठी मारली, ढावलो, म्हणजे माहेरच्या निरोपाचं रडगाणं, म्हणत रडली, आणि तिच्या रडण्याच्या त्या सुरांनी सगळा तांडा हलला. गाडी निघाली. वसरामनं पहिला तांब्या टाकला आणि त्याचे डोळे भरून आले. कॉइलवर पाणी पडताना बघून त्याचं काळीज चरकत होतं, आणि मागे पोरीचं रडणं ऐकूनही चरकत होतं. कुठलं कशानं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. तो मडगार्डवर बसून हुंदके देत पाणी टाकत होता.

वऱ्हाडातल्या बाया ट्रककडे चालत जाताना थबकल्या. एकीनं पदरानं डोळे टिपले. "बघा वं, बाप कसा रडून राहिला. पोरीला सोडवंना त्याला. पार गाडीवर चढून बसला."

"असा बाप पायजे," दुसरी म्हणाली.

बोडक्या डोक्याचे नेमसिंगसुद्धा हलले. त्यांनी मागून वाकून वसरामच्या खांद्यावर हात ठेवला. "येवढं नका मनाला लावून घेऊ, व्याही. आमची बी लेकच हाय ती."

वसरामनं मान हलवली. बोलायला गेला तर हुंदकाच बाहेर आला. तेवढ्या वेळात त्याचा हात थांबला, आणि खाली वाळूत गाडीनं एक आचका दिला.

मागून घुंघटातून संगिताचा रडवेला आवाज आला,

"बा, रडू नगं. पानी टाक."